नांगर न लागलेला माळ

युरेका ते न्यूटन हे अंतर साधारण १२० किलोमीटर. मधे रोझेलिया आणि कॅसोडे ही दोनच गावं, तीही अगदी लहान. सायकलने अमेरिका आडवी पार करणारे बरेच जण कॅन्सस हे नुसतं उरकायचं राज्य मानतात. पूर्वेला ओझार्कचे डोंगर, पश्चिमेला रॉकी पर्वत, आणि मधला हा मोकळा मुलूख मान खाली घालून संपवायचा. आम्ही चौघं मात्र याच मुलखासाठी आलो होतो. सोलापूरकडच्या माळावर वाढलेल्या माणसाला दुसऱ्या देशातला माळ बघायची ओढ असतेच, आणि जगातल्या मोठ्या माळांपैकी एकाचा शेवटचा सलग तुकडा इथे अजून जिवंत आहे.

उत्तर अमेरिकेच्या मध्यावर एकेकाळी कॅनडापासून टेक्सासपर्यंत उंच गवताची प्रेअरी पसरली होती. तिचा आज ४ टक्क्यांहूनही कमी भाग उरला आहे. बाकीची नांगराखाली गेली. तिथे आता मका आणि सोयाबीन उभं असतं. जी उरली ती बहुतेक सगळी पूर्व कॅन्सस आणि लगतच्या ओक्लाहोमातल्या फ्लिंट हिल्स नावाच्या टेकड्यांवर. युरेकाहून न्यूटनला जाणारा रस्ता या टेकड्या ओलांडतो.

आमच्यातले काका बँकेतून निवृत्त झालेले, मूळचे मंगळवेढ्याचे, घरची ज्वारीची शेती. ताई पुण्यात वनस्पतीशास्त्र शिकवतात, गवत हा त्यांचा खास विषय. चौथा आमचा विचिटाचा मित्र. विचिटा हे विमानं बनवणाऱ्यांचं शहर. तो तिथल्या एका कारखान्यात इंजिनिअर आहे. सायकली, तंबू, स्टोव्ह ही सगळी जुळवाजुळव त्याची. नकाशाही त्यानेच दिला होता, हँडलवरच्या पिशवीच्या पारदर्शक खणात बसणारा. त्यावरचा मार्ग १९७६ सालचा आहे. अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षं झाली तेव्हा काही तरुण सायकलवाल्यांनी ओरेगनमधल्या ॲस्टोरियापासून व्हर्जिनियातल्या यॉर्कटाऊनपर्यंत साधारण ६,८०० किलोमीटरचा रस्ता आखला आणि त्या उन्हाळ्यात ४ हजारांवर लोक त्यावरून सायकलने गेले. मोठे महामार्ग टाळून लहान गावांना जोडत जायचं, हे धोरण तेव्हाचंच. त्याचा फायदा अजून मिळतो. या वाटेवरच्या अनेक गावांनी सायकलवाल्यांना आपल्या सार्वजनिक बागेत तंबू ठोकायची मुभा दिलेली आहे. युरेकात आम्ही असेच उतरलो होतो. हे गाव २०१६ आणि २०१८ अशा दोन वर्षी चक्रीवादळाच्या सोंडेखाली सापडलं. तरी संध्याकाळी फिरायला आलेल्या आजोबांनी आम्हाला पहिला प्रश्न विचारला तो प्यायला पाणी पुरेसं आहे का, हा.

सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात इथे सात वाजून गेल्यावर उजाडतं. आम्ही मागचे लाल दिवे लावून थोडे आधीच निघालो, कारण वारा. कॅन्ससचा वारा पश्चिमेकडून येतो असं ऐकिवात असतं. हिवाळी वादळं सोडली तर तो मुख्यतः दक्षिणेकडून येतो, आणि ऊन चढेल तसा वाढत जातो. पश्चिमेला तोंड करून जाणाऱ्याला तो दिवसभर डाव्या कानावर बसतो. समोरचा वारा परवडला; त्यात निदान सायकल सरळ तरी चालते. बाजूच्या वाऱ्यात सामानाच्या पिशव्या शिडासारखं काम करतात आणि सायकल सारखी रस्त्याच्या उजव्या कडेला ढकलली जाते.

यावर शर्यतवाल्यांचा एक उपाय आहे. सरळ रांगेत न जाता तिरकं जायचं. वारा डावीकडचा असेल तर पुढचा सर्वांत डावीकडे, दुसरा त्याच्या मागे थोडा उजवीकडे, तिसरा आणखी उजवीकडे. प्रत्येकाला आधीच्याचा आडोसा मिळतो. पण ५४ नंबरच्या महामार्गावर पांढऱ्या रेषेबाहेर जेवढी जागा असेल तेवढीच आपली, त्यामुळे दोघा-दोघांच्या जोड्या करून आळीपाळीने वारा अंगावर घ्यावा लागला. मोठा ट्रक डावीकडून पुढे जातो तेव्हा फार सांभाळावं लागतं. क्षणभर तो वारा अडवतो, तोल साधायला वाऱ्याकडे कललेली सायकल त्याच्याच दिशेने झुकते, आणि तो पुढे सरकला की वारा परत थप्पड मारतो. काकांना हे गणित पहिल्या तासातच साधलं. ट्रकचा आवाज आला की ते खांदे सैल सोडायचे, हँडल घट्ट धरायचे नाहीत. आम्ही बाकीचे त्यांच्याकडे बघून शिकलो.

रस्ता हळूहळू चढत जातो. 'कॅन्सस सपाट' हे वाक्य इथे खोटं ठरतं. टेकडीमागून टेकडी येते, सगळ्या गोलसर, माथे जवळपास एका पातळीत, आणि उतारांवर चुनखडीचे पातळ थर पायऱ्यांसारखे उघडे पडलेले. हा सगळा भाग २५ कोटी वर्षांपेक्षाही आधी उथळ समुद्राचा तळ होता. चुनखडीच्या थरांत चकमकीचे दगड अडकलेले आहेत. चुनखडी झिजते, चकमक झिजत नाही. ती वर उरते आणि टेकड्यांना पांघरून राखते. १८०६ मध्ये झेब्युलन पाईक हा लष्करी अधिकारी इथून गेला, त्याच्या रोजनिशीतून फ्लिंट हिल्स हे नाव रूढ झालं. पुढे शेती करायला आलेल्या लोकांचे नांगराचे फाळ याच दगडांनी मोडले. माती वीतभर आणि खाली चकमक, तेव्हा त्यांनी नाद सोडला आणि गुरं घातली. इलिनॉय आणि आयोवाची खोल, काळी माती नांगरात गेली आणि तिथली प्रेअरी संपली. इथली वाचली ती या दगडांमुळे.

दक्षिणेला बोमाँटच्या बाजूला पवनचक्क्यांची रांग दिसत राहते. १०० चक्क्यांचा हा प्रकल्प २००५ मधला. त्यावरून त्या काळात बराच वाद झाला. वारा इथे अमाप आहे, आणि कोळशापेक्षा तो केव्हाही बरा. पण उंच गवताचा एवढाच सलग तुकडा उरलेला असताना त्यात रस्ते खोदायचे, खांब उभे करायचे का? पुढे राज्याने टेकड्यांच्या गाभ्यातला मोठा भाग नव्या पवनचक्क्यांपासून दूर ठेवायचं ठरवलं. ताईंच्या मते निर्णय योग्य होता. विचिटाचा मित्र म्हणाला, वीज मग दुसऱ्या कुणाच्या तरी अंगणातून आणावी लागते. माझं मत ताईंच्या बाजूचं. वाऱ्याला जागा पुष्कळ आहेत, या गवताला दुसरी नाही.

रोझेलियाला आम्ही उत्तरेकडे वळलो आणि दिवस पालटला. तोच वारा आता पाठीशी आला. आपला वेग आणि वाऱ्याचा वेग जुळतात तेव्हा कानातला घोंघाट एकदम थांबतो, आणि इतका वेळ न ऐकू आलेलं सगळं ऐकू येतं. चेनचा आवाज, टायरखालची खडी, गवतातले नाकतोडे, तारेवरच्या मेडोलार्क पक्ष्याची शीळ. कॅसोडेपर्यंतच्या या रस्त्याला गाड्या मोजक्याच. समोरून येणारा पिकअपवाला स्टिअरिंगवरून एक बोट उचलतो, तो इथला नमस्कार. आम्ही सरळ अख्खा हात वर करत होतो.

इथे गवत ऐन भरात होतं. जूनमध्ये ते गुडघ्याएवढं असतं. सप्टेंबरात बिग ब्लूस्टेम माणसाच्या डोक्यावर जाऊ शकतं. त्याचा तुरा तीन बोटांत फुटतो, म्हणून त्याला टर्कीचं पाऊल असंही म्हणतात. त्याच्याबरोबर सोनेरी तुऱ्याचं इंडियन ग्रास, तांबूस पडलेलं लिटल ब्लूस्टेम आणि ओलाव्याच्या जागी स्विचग्रास. दुरून सगळं एकाच रंगाचं वाटतं. जवळ गेलं की तांबडा, जांभळट, पितळी, निळसर अशा छटा वेगळ्या होतात, आणि मधेमधे रानसूर्यफुलं. सूर्यफूल हे कॅन्ससचं राज्यफूल. रस्त्याकडेला ते आपल्याकडच्या तरवडासारखं आपोआप उगवतं.

ताईंनी सायकल कुंपणाला टेकवली आणि बराच वेळ जागच्या हलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "काका, हे तुमच्या ज्वारीचे भाऊबंद." वनस्पतीशास्त्रात गवतांच्या कुळाचे पोटगट पाडतात. बिग ब्लूस्टेम ज्या गटात येतं त्याच गटात ज्वारी, ऊस आणि मका येतात, आणि आपल्या माळावरचं पवन्या, मारवेल, कुसळी हे गवतही त्यातलंच. ही सगळी ऊन सोसणारी घराणी. कडक उन्हात, थोड्या पाण्यात ही जास्त वाढ करतात. काका कुंपणाजवळ गेले आणि तारेबाहेर वाकून आलेलं एक पान दोन बोटांतून ओढून बघितलं. "पाचटाचाच हात लागतोय," एवढंच म्हणाले.

पण दिसतं ते गवत अर्धंसुद्धा नाही. बिग ब्लूस्टेमची मुळं दोन-तीन मीटर खोल जातात, काही रानफुलांची त्याहून खोल. नेब्रास्का विद्यापीठातले जॉन वीव्हर यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात माळावर खोल चर खणून, एकेक मूळ मोकळं करून त्याची चित्रं काढली. त्या चित्रांत जमिनीखालची प्रेअरी वरच्यापेक्षा मोठी दिसते. दुष्काळात ही गवतं तगतात ती या मुळांवर, आणि आग लागली तरी पुन्हा फुटतात तीही याच मुळांवर.

आगीची गोष्ट मला स्वतःला सर्वांत महत्त्वाची वाटते. फ्लिंट हिल्समधले गुरं पाळणारे शेतकरी मार्च-एप्रिलमध्ये आपली कुरणं मुद्दाम पेटवतात. वारा, आर्द्रता बघून, शेजाऱ्यांना बोलावून, पाण्याच्या टाक्या लावलेल्या गाड्या तयार ठेवून. जुनं वाळकं गवत जळतं, काळ्या जमिनीवर ऊन पडतं, ती लवकर तापते आणि महिनाभरात कोवळं गवत वर येतं. गुरं त्यावर झपाट्याने वजन धरतात. धूर कधी कधी विचिटा आणि कॅन्सस सिटीपर्यंत जातो आणि शहरातले लोक तक्रार करतात. पण आग थांबली तर काय होतं हेही आता नीट ठाऊक आहे. मॅनहॅटन नावाच्या गावाजवळ, म्हणजे कॅन्ससमधल्या मॅनहॅटनजवळ, कोन्झा प्रेअरी नावाचं संशोधन केंद्र आहे. तिथे माळाचे वेगवेगळे भाग पाडून काही दरवर्षी, काही दोन वर्षांनी, काही चार, काही वीस वर्षांनी जाळतात, आणि हे कित्येक दशकं चाललं आहे. जिथे आग क्वचित पोचते तिथे झुडपं आणि सीडारची झाडं शिरतात. एकदा ती पुरेशी दाटली की नंतर आग लावूनही गवत सहजी परत येत नाही. विचिटाच्या मित्राने एका टेकडीकडे बोट दाखवलं. कुंपणाच्या अलीकडे निर्भेळ गवत, पलीकडे गडद हिरवे सीडार. दोन मालक, दोन सवयी.

आग लावायची रीत या शेतकऱ्यांची मूळची नाही. त्यांच्या कितीतरी आधी ओसेज आणि कॉ लोक इथे गवत पेटवत होते, कारण नव्या गवतावर गवे येत. कॅन्सस हे नावच कॉ लोकांच्या कान्सा या नावावरून पडलेलं. १८७०च्या दशकाच्या सुरुवातीला दोन्ही जमातींना इथून हलवून आजच्या ओक्लाहोमात नेलं गेलं. गव्यांचं तर शिरकाणच झालं. कोट्यवधींच्या कळपांतले १८८०च्या दशकाअखेर काही शे उरले. आमच्या रस्त्याच्या उत्तरेला, स्ट्राँग सिटीजवळ, १९९६ पासून प्रेअरीचं राष्ट्रीय राखीव क्षेत्र आहे. २००९ मध्ये तिथे पुन्हा थोडे गवे सोडले. सायकलने तिकडे वाकडी वाट करायची तर आणखी एक दिवस हाताशी हवा. तो काढायलाच हवा, असं मी जाणाऱ्यांना सांगेन.

वाटेत मोनार्क फुलपाखरं भेटत होती. आम्ही उत्तरेला, ती दक्षिणेला, मेक्सिकोकडे. वारा विरुद्ध असल्यामुळे ती गवताच्या उंचीवरच राहत, फुलावरून फुलावर थांबत. उत्तरेचा वारा सुटला की ती उंच जातात आणि मग एका दिवसात मोठा पल्ला मारतात. मोटारीतून ती काचेवर आपटतात; सायकलवरून त्यांचा वाऱ्याशी चाललेला हिशेब दिसतो.

कॅसोडेच्या वेशीवर 'जगाची प्रेअरी चिकन राजधानी' असा फलक आहे. वस्ती जेमतेम शंभरभर माणसांची. प्रेअरी चिकन म्हणजे कोंबडीएवढा रानपक्षी. वसंतात पहाटे नर ठरावीक मोकळ्या जागी जमतात, गळ्याच्या बाजूच्या नारिंगी पिशव्या फुगवून घुमतात आणि पाय आपटत नाचतात. फलकाखाली उभं राहून मला नान्नजची आठवण आली. सोलापूरजवळ १९७९ मध्ये माळढोकासाठी अभयारण्य झालं. माळढोकाचा नरही असाच गळ्याची पिशवी फुगवून माद्यांना साद घालतो. आज तिथे तो क्वचितच दिसतो. प्रेअरी चिकनही कमी होत चालली आहे. कारणं एकसारखी आहेत. या पक्ष्यांना मोकळी, सलग जमीन लागते. उंच खांब आणि तारा माळढोकाला थेट मारतात, आणि प्रेअरी चिकन त्यांच्या आसपास राहायचं टाळते.

सावलीत बसून जेवलो. टॉर्टिया, काकांनी आणलेली सोलापूरची शेंगाचटणी, वर दही. उठलो तर ताईंचं मागचं चाक बसलेलं. टायरवरून बोट फिरवत गेलो तेव्हा काटा हाती लागला, आणि तो सराटा होता. आपल्या बांधावर अनवाणी पायात रुततो तोच. जुन्या जगातली ही वनस्पती अमेरिकेत जाऊन पसरली आहे, आणि इथले सायकलवाले तिला चळाचळा कापतात. काकांनी पंक्चर काढलं, ताईंनी काटा कागदात गुंडाळून ठेवला.

कॅसोडे सोडून पश्चिमेला लागलं की टेकड्या उतरायला लागतात, माती खोल होते आणि लगेच नांगर दिसतो. रस्तेही बदलतात. १७८५ च्या कायद्याने ही जमीन एकेक चौरस मैलाच्या चौकोनांत मोजली गेली. सपाटीवर दर मैलाला काटकोनातला फाटा येतो तो त्यामुळे. वारा पुन्हा डाव्या कानावर. शेतांच्या कडेला ओसेज ऑरेंजची जुनी कुंपणं लागतात. काटेरी तार निघण्याआधी इथले लोक या काटेरी झाडांची दाट रांग लावून गुरं अडवत. त्याची हिरवी, खडबडीत, मोसंब्याहून मोठी फळं रस्त्यावर पडली होती. झाड तुती आणि फणसाच्या कुळातलं, फळ मात्र कुणी खात नाही. शेतांत तेलाचे पंपही मान वरखाली करत असतात. जवळच्या एल डोराडोला १९१५ मध्ये तेल लागलं, तेव्हापासूनचे.

आणि मग ज्वारी. काकांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कमरेएवढी, विटकरी लाल कणसांची ज्वारी, नजर जाईल तिथपर्यंत. इथे तिला मायलो म्हणतात. अमेरिकेत सर्वांत जास्त ज्वारी कॅन्ससमध्ये पिकते, आणि ती गुरांना, इथेनॉलच्या कारखान्यांना किंवा परदेशात जाते. कापणी यंत्राला सोपी जावी म्हणून वाण मुद्दाम बुटके केलेले. मंगळवेढ्याची मालदांडी डोक्यावर जाते, कारण आपल्याला दाण्याइतकाच कडबा लागतो. काका कणसं नुसती बघत उभे राहिले. "कडबा नाही, हुरडा नाही," ते म्हणाले, "पण रान राखलंय छान. तण दिसतंय का कुठे?"

न्यूटनचं धान्याचं कोठार दिसायला लागल्यावरही बराच वेळ जवळ येत नाही. सपाटीवर अंतराचा अंदाज असाच चुकतो. पोचेतो पाच वाजून गेले होते. न्यूटन हे १८७१ मध्ये रेल्वेबरोबर वसलेलं गाव. टेक्सासहून हाकत आणलेली गुरं तेव्हा इथे गाडीत चढायची. १८७४ पासून युक्रेनच्या बाजूचे मेनोनाइट शेतकरी इथे आले. त्यांच्याबरोबर टर्की रेड हा हिवाळी गहू रुजला, आणि कॅन्सस गव्हाचं राज्य झालं. त्यांचं जेवण अजून इथल्या खाणावळींत मिळतं. व्हेरेनिके म्हणजे मऊ पनीरसारखं सारण भरलेले उकडलेले कानवले. त्यावर एरवी मांसाचा रस्सा असतो. ताईंसाठी त्यांनी नुसत्या आंबट सायीबरोबर दिले. सगळ्यांनी दुसऱ्यांदा मागवले.

शेजारच्या टेबलावर एक शेतकरी आणि त्यांची बायको बसली होती. आमच्या सायकली बघून त्यांनीच विषय काढला. काकांनी विचारलं, दोन ओळींत अंतर किती ठेवता? अडीच फूट, ते म्हणाले. काकांनी सांगितलं, आमच्याकडे रब्बीला दीड फूट, आणि पेरणी पाऊस संपताना, म्हणजे आत्ता. पीक जमिनीतल्या ओलीवर येतं. शेतकऱ्यांनी खुर्ची आमच्याकडे वळवली. पाऊस नसताना पीक येतं, म्हणजे माती किती खोल? पक्षी कसे राखता? त्या पिकाची भाकरी कशी करतात, हे त्यांच्या बायकोने विचारलं, आणि ताईंनी रुमालावर हात थापून दाखवलं. त्यांचं शेत आमच्या उद्याच्याच वाटेवर होतं. मायलोची कापणी अजून सुरू व्हायची होती, पण कणसं बघून जा, म्हणाले. काकांनी लगेच हो म्हटलं. विचिटाच्या मित्राने फोनवर वाऱ्याचा अंदाज बघितला. दुसऱ्या दिवशीही दक्षिणेचाच, दुपारनंतर जोराचा. म्हणजे पहाटेच निघायला हवं होतं. काकांनी शेतकऱ्यांना सकाळी आठची वेळ दिली, आणि कुणीही हरकत घेतली नाही.